मुरगूडवरून येणारे मामा

जवळची वस्तू इतक्या कष्टाने लपवणारा आणि तिच्याबद्दल इतक्या लोकांना सांगणारा माणूस माझ्या नवऱ्याच्या मामांशिवाय दुसरा झाला नसेल. वस्तू म्हणजे परवान्याचं रिव्हॉल्व्हर. मामांचा गडहिंग्लजला गुळाचा व्यापार होता. एकदा शेजारच्या गावाहून परतताना ओढ्याजवळ दोघांनी त्यांना अडवलं आणि मनगटावरचं घड्याळ व पायातल्या कोऱ्या चपला काढून घेतल्या. घड्याळाचं मामांना काही वाटलं नाही. पण भर दुपारी सगळ्या पेठेतून अनवाणी यावं लागलं आणि प्रत्येक दुकानातून "मालक, कुठला नवस बोललाय?" अशी चौकशी झाली, ती जिव्हारी लागली. त्याच आठवड्यात त्यांनी अर्ज केला. यथावकाश परवाना आला, रिव्हॉल्व्हर आलं, आणि यापुढे ते अंगावर असल्याशिवाय गावाची वेस ओलांडायची नाही अशी मामांनी शपथ घेतली.

शस्त्र कुणाला दिसता कामा नये, हा त्यांचा दुसरा नियम. त्यासाठी मे महिन्यातही कोट. उजव्या कमरेला रिव्हॉल्व्हर, म्हणून जेवताना पाटावर डावीकडे कलून बसायचं आणि लग्नकार्यात लोकांना फक्त डाव्या अंगानं भेटायचं. कुणी प्रेमाने समोरून मिठी मारायला आलं की मामा दार उघडावं तसे बाजूला व्हायचे. मग त्या बिचाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून कानात सांगायचे, "गैरसमज नको. हाय माझ्याकडं. कुणाला बोलू नका." असं करत करत आचाऱ्यापासून नवरदेवापर्यंत सगळ्यांना कळायचं. निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. नव्वदच्या दशकात दिल्लीची सरकारं भराभर पडत होती. सरकार पडलं की मामा घरात अडकायचे. "ह्यांना पाच वर्षं धड बसता येत न्हाय, आन मला बाहेर पडता येत न्हाय," म्हणायचे. निकाल लागला की पहिल्या गाडीने आमच्याकडे कोल्हापूरला हजर.

पहिल्या म्हणजे मुरगूडच्या. गडहिंग्लजहून कोल्हापूरला सरळ येणारा रस्ता निपाणीवरून येतो, आणि निपाणी कर्नाटकात. मामांचा परवाना फक्त महाराष्ट्रापुरता. गाडीतला एकही माणूस ज्या गोष्टीचा विचार करत नाही, ती मामांनी परवाना हातात आल्या दिवशीच ओळखली होती. म्हणून ते मुरगूड, बिद्री करत, गाड्या बदलत, कंबर धरून यायचे. मी एकदा म्हटलं, "मामा, तुमच्या कोटाखाली काय आहे ते कोण बघतंय?" तर म्हणाले, "मला ठावं हाय की!" मी चहा ठेवला आणि आधी गोळ्या बाहेर काढून ठेवायला सांगितल्या. माझ्या घरात तो माझा नियम होता.

अडचण एकच होती. त्यांची एकुलती एक लेक संकेश्वरला दिलेली, म्हणजे कर्नाटकातच. गडहिंग्लजहून जेमतेम अर्ध्या तासाची वाट. पण शस्त्र न्यायचं तर परवाना नाही आणि शस्त्र सोडून जायचं तर शपथ आडवी. लग्न मामांच्याच दारात झालं, त्यामुळे तेव्हा निभावलं. पुढे मात्र लेकच दिवाळीला यायची. मामांनी तिच्या घराचा उंबरा पाहिला नव्हता. परवान्यात शेजारचं राज्य घालून मिळावं म्हणून ते दर दोन महिन्यांनी कोल्हापूरच्या कलेक्टर कचेरीत खेटे घालायचे. मी तेव्हा एका ऑफिसात टायपिस्ट होते, त्यामुळे अर्ज माझ्याकडे. "कारण काय घालू?" मी विचारायची. "जीवितास धोका." "कुणाकडून?" "ते गोपनीय हाय."

एवढ्यावर अर्ज परत यायचा. एकदा कारकुनाने पुन्हा पुन्हा विचारल्यावर मामांनी वैतागून माझ्या नकळत स्वतःच्या हाताने लिहून दिलं, की सदर राज्यात माझी मुलगी दिलेली असल्याने शस्त्र नेणे गरजेचे आहे. धोका आणि मुलीचं सासर एकाच कागदावर आल्यावर व्हायचं तेच झालं. चौकशीसाठी तिकडचा हवालदार थेट जावयाच्या दुकानात गेला आणि गिऱ्हाइकांसमोर विचारता झाला, "तुमच्यापासून तुमच्या सासऱ्यांच्या जिवाला काय धोका आहे?"

जावई भला माणूस, पण मानी. त्या दिवाळीला लेक आली नाही. चिठ्ठी आली. आप्पा, इकडच्यांनी सांगितलंय, ज्या घरात आपल्याला दरोडेखोर समजतात तिथे पाऊल टाकायचं नाही. मला सातवा महिना आहे. पहिलं बाळंतपण इथेच होईल.

चिठ्ठी घेऊन मामा आमच्याकडे आले. आल्या आल्या म्हणाले, "सूनबाई, आणखी एक अर्ज कर. अर्जंट म्हणून."

"मी करणार नाही," मी म्हटलं. "जावयाची समजूत काढायला तुम्ही रिव्हॉल्व्हर घेऊन जाणार?"

"शपथ हाय माझी."

"मग शपथ सांभाळा. नातवंडाचं तोंड फोटोत बघा."

मी जरा जास्तच बोलले. मामांनी दारातल्या आपल्या चपलांकडे बघितलं. मग उठून कोट झटकला. "चल."

बंदुकीच्या दुकानात शस्त्र जमा करून घेतात, पावती देतात. मामांनी ती पावती चार वेळा वाचली. मग आम्ही निपाणीच्या गाडीत बसलो. कागल मागे पडलं, हद्द आली. मामांचा हात उजव्या कमरेवर गेला, तिथे काही सापडलं नाही, आणि तो तिथेच राहिला. "काय झालं?" मी विचारलं. "काय न्हाय. हलकं वाटतंय," म्हणाले. तेव्हा माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. चपला काढून त्यांनी मांडीवरच्या पिशवीत घातल्या होत्या.

संकेश्वरला जावई दारातच उभा होता, हाताची घडी घालून. मागे त्याची आई "बर्री, बर्री" म्हणत या म्हणून बोलावत होती, पण हा हलेना. मामा अंगणात थांबले. त्यांनी कोटाची सगळी बटणं काढली आणि दोन्ही बाजू पंखांसारख्या उघडून धरल्या. "जावईबापू, बघा. काय न्हाय माझ्याकडं." जावयाने पुढे होऊन वाकून नमस्कार केला, मग समोरूनच मिठी मारली. मामा बाजूला झाले नाहीत. सवय नसल्याने हात कुठे ठेवायचे ते मात्र त्यांना कळेना. खिडकीत लेक रडत होती. मी त्यांच्या पिशवीतून चपला काढून त्यांच्या पायाशी ठेवल्या.

पुढे दोन-तीन वर्षांनी ती परवानगी खरंच आली. नव्या शिक्क्याचा परवाना मामांनी आम्हाला दाखवला, कुणाला बोलू नका म्हणाले, आणि संकेश्वरला निघण्याआधी नेहमीप्रमाणे रिव्हॉल्व्हर बंदुकीच्या दुकानात ठेवून आले. नात उजव्या मांडीवर बसायची, तिला टोचायला नको, एवढंच कारण सांगितलं.

मामा गेल्यावर शस्त्र सरकारजमा करण्याचा अर्ज मीच टाईप केला. गोळ्या मोजल्या, तर विकत घेतल्या होत्या तेवढ्याच भरल्या. माणूस आयुष्यभर उन्हात कोट घालून फिरला, पण बार एकही काढला नाही.

आता गडहिंग्लजला जायचं तर मी निपाणीची गाडी धरते. वेळ वाचतो. पण कधी हाताशी दिवस असला, तर मुरगूडच्या गाडीत बसते. नवरा विचारतो, "एवढा वळसा कशाला?"

मी सांगते, ते गोपनीय आहे.