वीज गेली की मावळणारा सूर्य

गच्चीवाली वहिनी मुळात बॅटरीच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकांच्या बॅटऱ्यांत पाणी भरायचं, टोकांवर साचलेला पांढरा थर खरवडायचा आणि "ही गेली हो" हे वाक्य डॉक्टरांसारख्या गंभीर चेहऱ्याने सांगायचं, हे तिचं काम. पुढे मालकाने दुकान गुंडाळलं आणि तो घरांसाठी सोलर पॅनेल विकायला लागला. विकायला माणसं पुष्कळ मिळाली. उन्हात छपरावर चढून ती बसवायला मात्र कोणी तयार होईना. मग त्याने हिला प्रशिक्षणाला पाठवलं.

वर्गात बाई एकटीच. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्यांनी तिला दारात पाहून विचारलं, "चहा आणलात?"

"नाही," ती म्हणाली, "पण मागवणार असाल तर माझाही सांगा." आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली.

परत आली ती कमरेला दोराचा पट्टा आणि हातात ड्रिल घेऊन. गल्लीला नाव शोधायला फार वेळ लागला नाही. 'गच्चीवाली' चिकटलं ते चिकटलंच.

तिचा नवरा वीज कंपनीत वायरमन. घरात उंचावर चढणारं माणूस म्हणजे आपण, अशी त्याची वर्षानुवर्षांची समजूत. त्या समजुतीला धक्का बसला तरी त्याने तो दाखवला नाही. फक्त जेवताना म्हणायचा, "आम्ही वीज घरोघरी पोचवतो. तुम्ही लोक पत्रे मांडून वाट बघत बसता." सासूबाईंचं म्हणणं त्याहून सोपं होतं. "ऊन आपलं आपण पडतं. त्यालाही आता मिस्त्री लागतो का?"

तिचं पहिलं स्वतंत्र काम घरातलंच निघालं. वायरमनच्या थोरल्या भावाची चौकात बेकरी होती. समोरच्या हॉटेलच्या छपरावर पॅनेल चमकायला लागली आणि बेकरीवाल्या भाऊजींना एकाएकी पर्यावरणाची काळजी वाटू लागली.

"त्याच्यापेक्षा एक पॅनेल जास्त बसव," त्यांनी वहिनीला बजावलं. "आणि रस्त्यावरून दिसली पाहिजेत."

"भाऊजी, रस्त्याच्या बाजूला सावली पडते. मागच्या उतारावर ऊन चांगलं येतं."

"मागे बघायला कोण येतंय?"

शेवटी बहुतेक पॅनेल मागे बसली आणि एक, केवळ दर्शनासाठी, पुढे. बसवताना तिने एक गोष्ट दोनदा सांगितली. बॅटरी घेतली नाही तर रस्त्यावरची वीज जाताच पॅनेलला जोडलेलं हे यंत्रही बंद पडेल. भाऊजींनी दोन्ही वेळा मान हलवली. त्यांचं लक्ष समोरच्या हॉटेलमालकाकडे होतं.

मग एका भर दुपारी वीज गेली. ऊन असं की डांबर मऊ झालेलं. छपरावरची पॅनेल डोळे दिपवत होती आणि खाली बेकरीत पिठाचा मिक्सर घुर्र करून थांबला. भाऊजींनी वहिनीला बोलावून घेतलं, गिऱ्हाइकांसमोर दारात उभं केलं आणि वर बोट दाखवलं.

"ते काय आहे?"

"सूर्य," वहिनी म्हणाली.

"चालू आहे ना? मग माझा मिक्सर का बंद?"

तिने शांतपणे सांगितलं, "पॅनेलची वीज तुम्ही वापरता, उरलेली तारेवरून बाहेर जाते. रस्त्यावरची वीज बंद करून कोणी खांबावर काम करत असेल आणि तुमच्या छपरावरून तारेत वीज गेली, तर तो माणूस जागेवर मरेल. म्हणून यंत्र स्वतःहून बंद पडतं. तो माणूस कोण असतो, तुम्हाला माहीत आहे."

"माझा भाऊ काय रोज खांबावर लटकलेला असतो?" भाऊजी म्हणाले. "माझं पीठ मात्र रोज मळावं लागतं."

गिऱ्हाइकं हसली. संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली की गच्चीवालीचा सूर्य वीज गेली की मावळतो.

या बातमीने सगळ्यांत खूश झाला तो वायरमन. बायकोच्या फजितीवर तो उघडपणे हसला नाही, पण सुट्टीच्या दिवशी स्वतःहून भावाकडे गेला आणि हसतमुखाने परत आला.

"दादाचा प्रश्न सोडवला," तो बुटांच्या नाड्या सोडत म्हणाला. "जुना जनरेटर पडून होता. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर बनवली. एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला. अख्खी बेकरी चालू!"

वहिनीचा हात जागीच थांबला. "अहो, आणि मेन स्विच? तो पाडून बंद केला नाही तर वीज उलटी बाहेर जाईल."

"दादाला सांगितलंय, आधी मेन पाडायचा."

"मीही भाऊजींना दोनदा सांगितलं होतं."

"तुझं सांगणं वेगळं, माझं वेगळं," वायरमन म्हणाला, आणि त्याला ते मनापासून खरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी वहिनी स्वतः बेकरीत गेली आणि तिने ती वायर मागितली. भाऊजींनी दिली नाही. "नवऱ्याने केलेलं बायको मोडायला निघाली, काय म्हणतील लोक?" सासूबाईंनीही तिलाच समजावलं, "त्याचा हात बसलाय त्यात. तुझी गच्ची तू बघ."

पुढे वादळवाऱ्याच्या एका सकाळी खांबावरून बेकरीत जाणारी तार खांबापाशीच तुटली आणि तिथेच लोंबत राहिली. वीज फक्त बेकरीची गेली. तक्रार आली आणि वायरमनच निघाला. खांबावर चढला, बेकरीचा फ्यूज काढला. वीज येणार कुठून? तारेला टेस्टर लावण्याची गरज त्याला वाटली नाही. बेकरीकडून आलेलं तारेचं टोक त्याने सरळ हातात घेतलं.

आत भाऊजींकडे लग्नाच्या केकची ऑर्डर होती. त्यांनी घाईघाईने जनरेटर सुरू केला होता. मेन स्विच आठवला नाही.

तार हातातून सुटली हे त्याचं नशीब. कमरेचा पट्टा होता म्हणून तो रस्त्यावर आपटला नाही, पण झटक्याने हात खांबाच्या लोखंडी आडव्या पट्टीवर आदळला आणि मनगटाचं हाड मोडलं. खाली लोक जमले. कोणीतरी वर पाहिलं, छपरावर पुढे मांडलेलं ते दर्शनी पॅनेल चमकत होतं, आणि तिथल्या तिथे निकाल लागला, सोलरने वायरमनला मारलं.

दवाखान्यात प्लास्टर ओलं असतानाच वायरमनही तेच म्हणाला. "तुझ्या सूर्याने घात केला."

  तो जिवंत आहे याची आधी वहिनीने त्याच्या चांगल्या हाताची बोटं दाबून दाबून खात्री करून घेतली. मग सासूबाईंना म्हणाली, "आई, तुम्ही माझ्याबरोबर बेकरीत चला. मी एकटी गेले तर कोणी ऐकणार नाही."

बेकरीच्या मागच्या खोलीत यंत्रावरचा लाल दिवा जळत होता. वहिनीने सासूबाईंना तो दाखवला. "लाल म्हणजे बंद. तार तुटली तेव्हाच पॅनेल बंद पडली. त्या दिवशी हीच पॅनेल सगळ्यांसमोर बंद पडली म्हणून मला हसले होते ना, आजही ती तशीच बंद पडली होती." मग ती जनरेटरजवळ गेली आणि सासूबाईंचा हात धरून त्याच्या पत्र्याजवळ नेला.

"गरम आहे," सासूबाई म्हणाल्या.

वायर अजून सॉकेटमध्येच होती. भाऊजी दारात उभे, हाताला क्रीम. "मला काय माहीत तो वर आहे," ते पुटपुटले. "केक होता..."

सासूबाई शिकलेल्या नव्हत्या, विजेतलं त्यांना काही कळत नव्हतं, पण आपल्या दोन मुलांतलं कोण खोटं बोलतंय हे त्यांना चांगलं कळे. त्यांनी थोरल्याला गिऱ्हाइकांसमोर असं काही झापलं की समोरचा हॉटेलमालक दारात येऊन उभा राहिला. नंतर दवाखान्यात जाऊन त्यांनी धाकट्याचीही हजेरी घेतली. प्लास्टरकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही तुझीच करणी. बायकोला नावं ठेवू नकोस."

वायरमन भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तसाच वहिनीला म्हणाला, "टेस्टर खिशातच होता गं."

वहिनीला रडू आलं ते तेव्हा.

ती दोन पिनांची वायर तिने स्वतःच्या हाताने कापली. बेकरीत बॅटरी बसली, आणि एक असा स्विच की बाहेरची तार आणि घरची वीज एका वेळी जोडताच येऊ नये, विसरलं तरी. पुढच्या वेळी वीज गेली तेव्हा चौकात एकटा भाऊजींचा मिक्सर फिरत होता. मग गल्लीत रांग लागली. वायरमनचा जीव वाचावा म्हणून कोणी आलं नाही. बेकरी चालू राहते आणि आपलं घर काळोखात बसतं, हे लोकांना सहन झालं नाही. वहिनीने कारण विचारलं नाही, कामं घेतली.

हाताला प्लास्टर होतं तोवर वायरमन घरी बसून कंटाळला आणि तिच्याबरोबर जायला लागला. एका हाताने शिडी धरायचा. गिऱ्हाइकं मात्र सगळे प्रश्न त्यालाच विचारायची.

"साहेब, उन्हाळा कडक असला की वीज जास्त मिळणार ना?"

तो वर बघायचा. "त्यांना विचारा. मी शिडी धरायला आलोय."

छपरावरून उत्तर यायचं, "पॅनेल फार तापली तर वीज उलट थोडी कमी मिळते!" गिऱ्हाईक शंकेने पुन्हा वायरमनकडे बघायचं, आणि त्याने मान हलवली की मगच गिऱ्हाइकाला ते पटायचं. वायरमनला हे आधीपासून माहीत होतं अशातला भाग नव्हता.

हात बरा झाल्यावर तो कामावर रुजू झाला. नव्या सोलर घरांची तपासणी कंपनीने त्याच्याकडे दिली. पहिलंच घर वहिनीने केलेलं निघालं. तो आला, तिला ओळख न दाखवता गच्चीवर चढला आणि एकेक जोड असा तपासू लागला की घरमालक घामाघूम झाला. शेवटी एका पॅनेलखाली वाकून त्याने अर्थिंगची वायर ओढली. ती हलली.

"ढिली आहे," तो म्हणाला. "असं पास होणार नाही."

वहिनीचा चेहरा लाल झाला. तिने पाना काढला, गुडघ्यावर बसली आणि नट आवळला. "आता बघा."

त्याने पुन्हा वायर ओढून पाहिली. मग खिशातून टेस्टर काढला.

"अहो, झालं ना आता!" घरमालक म्हणाला.

"बघू द्या त्यांना," वहिनी म्हणाली, आणि ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून हाताचा आडोसा करून तो काय करतोय ते बघत उभी राहिली.