सेक्रेटरीचा बडग्या

मधुकरराव लांजेवारांच्या हातात खडू दिसला की नागपूरच्या बेसा रोडकडच्या त्या ले-आऊटमधली, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीतली, निम्मी माणसं आपापल्या चुका आठवायला लागत. उरलेली निम्मी हसत. ले-आऊटच्या तोंडाशी एक काळा फळा आहे. नळाला पाणी कधी येणार नाही, सत्यनारायण कोणाकडे आहे, एवढंच त्यावर लिहायची पूर्वी पद्धत होती. मधुकरराव सेक्रेटरी झाले आणि फळ्याला कंठ फुटला. 'वॉशिंग मशीनचे पाणी रस्त्यावर सोडणाऱ्यांनी त्यातून चप्पल घालून चालून दाखवावे.' 'कुत्रा आपला, तर त्याची घाणही आपलीच.' 'रस्त्यात मध्यरात्री केक फासल्याने वय वाढते, अक्कल नाही.'

लोकांना वाटे, म्हाताऱ्याला उद्योग नाही. तसं नव्हतं. माणसानं बत्तीस वर्षं कोराडीच्या वीज केंद्रात पाळी सांभाळली होती. तिथं एक व्हॉल्व्ह कोणी उघडा ठेवला तर 'जाऊ द्या हो' म्हणायची सोय नसते. निवृत्त होऊन घरी बसले तर सगळा ले-आऊटच 'जाऊ द्या हो' म्हणत चाललेला. ते राहायला आले तेव्हा इथं सतरा घरं होती आणि कोणाकडे पाहुणा आला तर सतरा घरांना ठाऊक असे. आता विमानतळाजवळ मिहानच्या कंपन्या आणि त्यांच्या नोकऱ्या आल्या, माड्या चढल्या, भाडेकरू आले आणि एकेका घरापुढे तीन-तीन गाड्या लागल्या. एकदा त्यांनी अंकित नावाच्या एका भाडेकरूला चांगल्या शब्दांत सांगितलं, "बाबू, गेटसमोरून गाडी काढतो का?" पोरगा फोनमधून मान वर न करता म्हणाला, "काका, रोड तुमच्या नावावर आहे काय?" मधुकररावांना त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सीताबर्डीवरून शिट्टी आणली.

शिट्टी आली आणि चांगले शब्द गेले. हे काही कोणी ठरवून केलं नाही. दुसऱ्याला सभ्यता शिकवता शिकवता आपली कधी गळून पडते, ते माणसाला कळत नाही. शोभाताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, म्हणायच्या, "लोकायच्या डोळ्यातलं कुसळ पाहून राहिले तुमी, आपलं मुसळ कोण पाहीन?" पण बायकोचं बोलणं फळ्यावर नसतं, म्हणून ते राहून जातं.

मुसळ कुठलं, तर ते असं. शेजारच्या घरात लहानूजी मेश्राम राहत. कोराडीला दोघं एकाच पाळीत. सव्वीस वर्षं एकाच बसनं, एकाच बाकड्यावर बसून गेले-आले. प्लॉटही ठरवून शेजारी शेजारी घेतले. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीतली एक वीट त्यांनी मुद्दाम काढून ठेवली होती. पेपर दोघांत एकच. मधुकरराव आठपर्यंत वाचत आणि मग त्या भोकातून पलीकडे सरकवत. पलीकडून लहानूजी ओरडत, "बे मधू, शब्दकोडं भरून ठेवलं काय आजबी?"

जुलैत झड लागली. चार दिवस पाऊस थांबेना. पाचव्या दिवशी उघडलं तेव्हा मधल्या भिंतीवर, लहानूजींच्या बाजूनं, लालसर तपकिरी ओघळच ओघळ. नागपुरात असला डाग पाहिला की माणूस विचार करत नाही. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला खर्रा इथं निम्म्या गावाच्या गालात असतो आणि उरलेल्या निम्म्याच्या भिंतीवर. मधुकररावांनीही विचार केला नाही. खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं: 'मेश्राम यांच्या घराकडून भिंतीवर खर्रा थुंकला जातो. वयाची तरी लाज बाळगावी.'

लहानूजी दुधाची पिशवी घेऊन येत होते. फळ्यासमोर थांबले. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं आणि घरी गेले. थोड्या वेळानं त्यांच्या बायको, तुळसाबाई, गेटाशी आल्या.

"भाऊजी, आठ वर्सं झाले, त्यायनं खर्रा तोंडात नाही घातला. तुमीच तर नेलं होतं त्यायले धंतोलीले."

खरं होतं. लहानूजींच्या गालात पांढरा चट्टा निघाला होता. धंतोलीच्या दवाखान्यात मधुकररावच त्यांच्यासोबत बाकावर बसले होते. डॉक्टर म्हणाले, खर्रा आज सुटला तर माणूस सुटला. बाहेर आल्यावर लहानूजींनी खिशातली पुडी काढून मधुकररावांच्या हातात दिली होती. म्हणाले होते, "तू फेक गा. माझ्या हातानं होत नाही."

हे सगळं आठवत असताना मधुकरराव तुळसाबाईंना काय म्हणाले? म्हणाले, "सवय आहे वयनी. परत लागते."

जीभ ही चीज देवानं दातांच्या कुंपणात ठेवली आहे, ती उगीच नाही. पण कुंपणाला फाटकही त्यानंच ठेवलं. तुळसाबाई परत गेल्या. दुसऱ्या दिवशी पेपर भोकातून सरकवला तर कोणी घेतला नाही. तिसऱ्या दिवशी भोकात पलीकडून वीट बसली होती. दीड महिना असा गेला. मधुकररावांचा आवाज या काळात आणखी चढला, शिट्टी आणखी लांब वाजू लागली आणि सकाळी आठ वाजले की ते पेपर हातात धरून उगाच अंगणात उभे राहत. लहानूवाचून करमत नव्हतं, हे साधं वाक्य. पण ते त्यांच्याच्यानं शोभाताईंजवळसुद्धा बोलवत नव्हतं.

पोळ्याच्या दोन दिवस आधी शोभाताई अंगणात बादली घेऊन बसल्या. कुंड्यांना गेरू लावायचा होता. मधल्या भिंतीवर त्यांच्या अकरा कुंड्या रांगेनं ठेवलेल्या. निम्म्या रंगवून झाल्या तोच एक भुरभुरती सर आली. मधुकरराव भिंतीवरून पलीकडे डोकावत उभे होते. ओल्या कुंड्यांवरून गेरूचं पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरलं, माथा जरा पलीकडे कललेला होता, तिकडे वळलं आणि लहानूजींच्या बाजूनं लाल ओघळ होऊन खाली गेलं.

"शोभा," ते म्हणाले, "हे असं दर वेळी होते काय वं?"

"होते ना. पावसानं धुऊन जाते. म्हणून तर घडीघडी लावा लागते."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुमी कवा इचारलं?"

मधुकरराव पायरीवर जाऊन बसले. त्यांना आपलीच इतकी लाज वाटली की कान गरम झाले. संध्याकाळपर्यंत ते तीनदा लहानूजींच्या गेटापर्यंत गेले आणि तीनदा कडीला हात लावून परत आले. आत जाऊन हळूच 'चुकलं' म्हणणं सोपं होतं. पण नाव काही त्यांनी हळूच लिहिलं नव्हतं. ते ले-आऊटच्या तोंडाशी, दीड वीत अक्षरात लिहिलं होतं. चारचौघांत मारलेली थप्पड एकांतात कशी परत घ्यायची, हा त्यांचा पेच होता. आणि लहानूनं ती घेऊच दिली नाही तर?

दुसऱ्या दिवशी लहानूजींची नात दीप्ती दारात आली. एरवी 'लांजेवार आजोबा' म्हणत स्वयंपाकघरात शिरणारी पोरगी, आज उंबऱ्याबाहेर उभी.

"सेक्रेटरी, परवानगी पाहिजे. ले-आऊटचा बडग्या काढून राहिलो आमी."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे बाईचा मोठा पुतळा, वाजतगाजत निघते. गावातली ईडा-पीडा तिच्यासोबत घालवून द्यायची आणि तिच्या मागून बडगे काढायचे. म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्यानं ज्यानं छळलं असेल, त्याचे पुतळे. सगळ्या गावानं त्यांच्या नावानं ओरडायचं आणि शेवटी जाळून टाकायचं. पुढाऱ्यांना नागपूरनं या दिवशी कधी सोडलं नाही, तर ले-आऊटची काय कथा.

"कोणाचा बडग्या?" मधुकररावांनी विचारलं.

"थुंकणाऱ्याचा. तुमचाच आवडता विषय."

पोरीनं ते अगदी सरळ चेहऱ्यानं म्हटलं.  मधुकरराव आत गेले आणि त्यांचा तो खाकी सदरा घेऊन आले, चार खिशांचा, जो घालूनच ते रोज पहाऱ्याला निघत. सोबत शिट्टी आणि खडूही.

"थुंकणाऱ्याचा नको. हे घालजो त्याले."

दीप्तीनं सदरा पाहिला, मग त्यांच्याकडे पाहिलं. "आजोबा, हे तर तुमी दिसान."

"दिसलोच पाहिजे. आन पाटी मी लिहून देतो. ते मात्र कोणाले आधी दाखवू नको."

मारबतीच्या सकाळी हातठेल्यावर बडग्या उभा राहिला तेव्हा ले-आऊट पोट धरून हसला. बांबूची हाडं, तणसाचं पोट, खाकी सदरा, तोंडात शिट्टी, हातात खडू. मिशासुद्धा पोरांनी काळ्या दोऱ्याच्या नेमक्या लावल्या होत्या. मधुकरराव ठेल्याशेजारी उभे होते, त्यामुळे लोकांना ताडून पाहणं सोपं गेलं. मग दीप्तीनं छातीवरच्या पाटीचं फडकं काढलं आणि हसणं हळूहळू थांबलं.

'न पाहता नाव लिहिणारा. भिंतीवरचे डाग गेरूचे होते. गेरू माझ्या घरचा होता. लहानूजी मेश्राम यांचे तोंड आठ वर्षे स्वच्छ आहे, घाण माझ्या तोंडात होती. म. ना. लांजेवार, सेक्रेटरी.'

 मधुकररावच ओरडले, "पाहून काय राहिले? ओरडा ना बे! न पाहता बोलणाऱ्याले..."

"घेऊन जा गे मारबत!" पोरं ओरडली आणि ठेला हलला.

दहा घरं गेली नसतील, तर अंकित धावत आला. वहीचं पान फाडून त्यावर त्यानं लिहिलं होतं, 'गेटसमोर गाडी लावणारा'. ते त्यानं टाचणीनं बडग्याच्या बाहीला टोचलं आणि मधुकररावांकडे न पाहता म्हणाला, "माझं पण जाळून टाका, काका." मग मात्र झुंबड उडाली. कोणी मशीनच्या पाण्याचं लिहिलं, कोणी कुत्र्याचं. एका बाईंनी बाल्कनीतून फेकलेल्या कचऱ्याचं लिहून टोचलं आणि शेजारीण वाचतेय असं दिसताच परत काढून पदरात लपवलं. मारोतराव नावाच्या गृहस्थांनी आपलं सोडून मेहुण्याचं नाव लिहिलं, तेही लोकांनी चालवून घेतलं. प्रत्येक चिठ्ठीला 'घेऊन जा गे मारबत' होत होतं. ज्या ले-आऊटमध्ये वर्षभर कोणी कोणाला ओळख देत नव्हतं, तिथं माणसं एकमेकांच्या चुका वाचून एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. मधुकररावांचा आवाज सगळ्यांच्या वर होता, आणि पहिल्यांदाच त्याचा कोणाला धाक वाटत नव्हता.

त्यांचं लक्ष मात्र एकाच गेटाकडे होतं. ते बंद होतं. खिडकीत तुळसाबाई दिसल्या, लहानूजी नाही. ठेला गेटासमोर आला तसा मधुकररावांनी तो थांबवला. इथंच जाळायचा, लहानूला आतून दिसेल असा, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी काडेपेटी काढली.  पहिली काडी मोडली.

कडी वाजली. बनियान आणि लुंगीवर लहानूजी बाहेर आले.  लहानूजींनी पाटी एकदा वाचली, पुन्हा वाचली. बडग्याच्या मिशा पाहिल्या, मग मधुकररावांच्या पाहिल्या.

"मधू, इथं नको जाळू बे. सारा धूर माझ्या घरात येते. सेक्रेटरी झाला तरी अक्कल नाही आली तुले."

जन्मभर लोकांच्या तक्रारी करणाऱ्या माणसाला इतकी गोड तक्रार कधी ऐकायला मिळाली नव्हती. मधुकररावांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत.

"मंग कुठं जाळू गा?"

"मैदानात. चाल. चाक फसून राहिलं तुझं, मी इकून धरतो."

दोघांनी दोन बाजूंनी ठेला धरला. लोक पुढे निघाले, पोरं नाचत सुटली, आणि त्या गलक्यात लहानूजी फक्त मधुकररावांना ऐकू जाईल इतकंच बोलले.

"डागाचं काही नाही गा. पण तू म्हटलं होतं ना, सवय परत लागते म्हणून. त्या दिवशी मी पानठेल्यापर्यंत गेलतो. पुडीबी घोटून घेतली होती."

मधुकररावांचे पाय थांबले. "मंग?"

"मंग काय. तोंडापर्यंत नेली आन ठेवून देली. म्हटलं, मधूचं म्हणणं खरं काहून करू?"

 मधुकररावांनी नुसता ठेला ढकलला. शेजारून लहानूजींनीच आवाज काढला, घोगरा, पण भरपूर मोठा.

"घेऊन जा गे मारबत!"