उत्तर साक्रीत द्या

तार म्हटली की माझ्या पोटात गोळा उठतो. पाचोऱ्याच्या शाळेत शिपायाने ती हातात ठेवली, तेव्हा मी ती फोडलीच नाही. तास संपवला, मुलांच्या पाट्या तपासल्या आणि मग शेजारच्या वर्गावरच्या बाईंना म्हटलं, तुम्हीच वाचा. तार धुळ्याहून होती. विमलअक्का गेल्या... त्याला आता महिना होऊन गेला. माझ्या या घाबरटपणावर अक्का फार हसायच्या. "तुला काळजी करायची सरकारी नोकरीच लागलीय," म्हणायच्या, "आणि रजासुद्धा घेत नाहीस!"

जळगावच्या गणेशोत्सवात मेळ्यातून गाणाऱ्या अक्का पुढे धुळ्यात मुलींच्या शाळेत गाणं शिकवू लागल्या. मी पारोळ्याच्या मारवाडी दुकानदाराची लेक, शिकायला धुळ्याला त्यांच्याकडे राहिले आणि त्यांच्यामागे फिरायची सवय लागली ती लागलीच. दुष्काळाच्या वर्षी साक्रीकडे एका पाझर तलावाचं काम निघालं होतं. नाल्याच्या अलीकडचं ते खालचं आणि पलीकडचं ते वरचं, अशा दोन गावांतल्या बाया तिथे दगड-माती वाहत होत्या. त्यांची तान्ही पोरं दिवसभर उन्हात. एका बाळाला ऊन लागलं आणि ते जेमतेम वाचलं. पोरांसाठी सावलीचा मांडव आणि प्यायला पाणी, एवढंच मागणं घेऊन साक्रीच्या कचेरीवर मोर्चा न्यायचा होता. धुळ्याची कार्यकर्ती मंडळी आली, भाषणं झाली, एक जोशाचं गाणं झालं. बायांनी टाळ्या वाजवल्या आणि मातीच्या पाट्या उचलून कामाला गेल्या. अक्का मला म्हणाल्या, "टाळ्या वाजवणारी बाई मोर्चाला येत नाही गं. गाणारी येते."

दुसऱ्या खेपेला त्यांनी स्वतःचं गाणं म्हटलंच नाही. तुम्ही काय गाता ते ऐकवा, म्हणून बायांमध्येच बसल्या. मेळ्यात शिकलेली सगळी विद्या त्यांनी तिथे पणाला लावली. चाल लोकांच्या ओळखीची घ्यायची, गावातली गाजलेली गाणारी हेरायची आणि तिला पुढे करून आपण मागे सरायचं, ओळ अर्धी सोडायची, आणि गाणं रंगात आलं की उठायचं, म्हणजे माणसं पुढल्या वेळेची वाट बघतात. वरच्या गावची सोनाबाई अशीच त्यांना सापडली. गळा असा की मुकादमसुद्धा शिट्टी वाजवायचा थांबे.

मग आली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी आमच्याकडे नदीच्या दोन काठांवर दोन गावच्या पोरी-बाया उभ्या राहून एकमेकींना गाण्यातून शिव्या घालतात, हे काही मी खानदेशातल्या वाचकांना सांगायला नको. अक्कांनी दुपारच्या सुटीत नाल्याच्या दोन बाजूंना दोन गावं उभी केली. गप्प बसायला कुणाला वावच उरला नाही.

"वरला गावन्या बाया कश्या, सुका डबकामा म्हशी जश्या!" खालच्या गावाने डाव टाकला. हसून हसून बाया वाकल्या. मी मात्र, कुणी उचलून फेकेल या भीतीने, पायाशी पडलेले दगडच बघत होते... आणि तेवढ्यात खालच्या गावच्या कुणीतरी सोनाबाईच्या लेकीचं नाव गाण्यात घातलं. नवऱ्याने टाकलेली ती पोर, कडेवर तान्हं घेऊन तिथेच उभी होती. गाणं जागच्या जागी थांबलं. वरच्या गावच्या बाया पाठ फिरवून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी निरोप आला, त्या मोर्चात आमची एकही बाई येणार नाही.

मी अक्कांवर चिडले. "तुम्हीच लावलंत हे भांडण! आता कचेरीतले साहेब म्हणतील, बायांचंच एकमत नाही." अक्का मला घेऊन निघाल्या. सोनाबाईच्या अंगणात जाऊन बसल्या. सोनाबाई त्यांच्याकडे बघेना.

"मन्ही पोरनं नाव लिधं त्यासनी," शेवटी ती म्हणाली. "आते मी त्यासना संगे येसु का?"

"चूक माझी आहे, सोनाबाई. खेळ मी मांडला," अक्का म्हणाल्या. "उत्तर तुमचं बाकी आहे, ते द्याच. मी अडवणार नाही. फक्त साक्रीत द्या, कचेरीसमोर, सगळ्यांदेखत."

परतताना मला साक्रीच दिसत होती. पोलीस असतील, बाजाराची गर्दी असेल आणि तिथे या दोन गावांची जुंपली तर? अक्कांना विचारलं, ती काय उत्तर देईल? "मला काय ठाऊक," एवढंच म्हणाल्या.

मोर्चाच्या दिवशी खालचं गाव आलं. वरचं नाही. ऊन चढलं, पोलीस घड्याळ बघू लागले. मग बाजाराच्या रस्त्याने वरच्या गावच्या बाया येताना दिसल्या. पुढे सोनाबाई, शेजारी तिची लेक, लेकीच्या कडेवर बाळ. खालच्या गावाच्या बरोब्बर समोर येऊन सोनाबाई उभी राहिली. मी डोळे मिटून घेतले.

"नाव ल्या, नाव ल्या मन्ही पोरनं... उन्हमा तापस लेकरू तिन्हं!"

नाव घ्याच म्हणत होती ती, पण उन्हात तापणाऱ्या लेकरासाठी. मग खालच्या गावातून, जिने ते नाव गाण्यात घातलं होतं, तिनेच रडत दुसरी ओळ उचलली. पाठोपाठ दोन्ही गावं. साहेबांना बाहेर यावंच लागलं. पुढच्या आठवड्यात तलावावर पळसाच्या डहाळ्यांचा मांडव उभा राहिला, पाण्याचे रांजण आले.

अक्का निर्धास्त होत्या, असंच मी इतकी वर्षं समजत होते. दहाव्याला त्यांच्या सुनेने सांगितलं, सभेच्या दिवशी सासूबाईंच्या पोटात अन्न ठरत नसे. मोरीत ओकारी काढून, तोंड धुऊन, हसत बाहेर पडायच्या. मी बाहेर ओट्यावर चपला घालून उभी असायची... आणि मला कधी कळलं नाही.

परवा पारोळ्याला बायांनी पाण्याच्या प्रश्नावर सभा लावली आणि अक्का नाहीत म्हणून मला बोलावलं. जात्यावरची एक चाल घेतली, ओळ अर्धी सोडली आणि थांबले. कुणीच काही म्हणेना. पोटात ढवळून आलं, वाटलं, आपणच पूर्ण करून टाकावी ओळ. नाही केली. बऱ्याच वेळाने मागच्या कोपऱ्यात कुणीतरी, गाण्याआधी खाकरतात तसा, घसा खाकरला. मला तेवढ्यानेच रडू फुटलं.