दोन पुठ्ठ्यांमधली ओळ

रजिस्टर उघडायच्या आधी बडेबाबू खणातून दोन लांब पुठ्ठे काढायचे. समोरच्या विद्यार्थ्याची ओळ शोधायची, एक पुठ्ठा तिच्या वर, दुसरा खाली. मधल्या फटीत दिसेल तेवढंच त्याने वाचायचं. "ज्याचं त्याले दिसलं पाह्यजे," ते म्हणायचे, "शेजाऱ्याचं नाही."

रायपूरच्या त्या शाळेच्या ऑफिसात आम्ही दोघंच मराठी. ते हेडक्लार्क, म्हणून बडेबाबू. मी नागपूरकडून लग्न होऊन आलेली, नवी कारकून. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं, नव्या भरत्या निघत होत्या, आणि जो तो जन्मतारखेच्या दाखल्यासाठी आमच्या खिडकीशी उभा. एवढ्या गर्दीत हे गृहस्थ आपले पुठ्ठे जुळवत बसलेले! मला मेला राग यायचा.

एकदा भनपुरीचा एक पुढारी आला. वॉर्डाच्या निवडणुकीत समोर उभा असलेला माणूस आठवी पास की नापास, ते त्याला हवं होतं. बडेबाबूंनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "हव भैया, उन्हीं को साथ ले आओ. दोनों बैठके देख लेंगे." पुढारी चहा अर्धा टाकून गेला.

मग मी माती खाल्ली. ते रजेवर होते. एक वयस्क गृहस्थ आले. बोलता बोलता निघालं की ते आर्वीचे, माझ्या माहेरच्या शेजारचे. परक्या मुलखात माहेरची बोली कानावर पडली की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. भाच्यासाठी बीरगांवची एक मुलगी पाहून राहिलो, म्हणाले. "पोट्टीचं शिक्षण पाहाचं होतं जी, बाकी काही नाही." मी खुर्ची दिली, रजिस्टर उघडून दिलं. पुठ्ठे खणातच राहिले.

आमचं रजिस्टर रुंद. नाव डाव्या पानावर, शेरा पार उजव्या पानाच्या टोकाला. मुलाच्या या मामांनी बोट फिरवत नेलं आणि वाचलं, "लंबी अनुपस्थिति, नाम काटा गया." मीही वाकून वाचलं. "इतके महिने पोरगी होती कुठं?" म्हणाले, आणि उठले. जुळत आलेलं लग्न मोडलं.

चार दिवसांनी मुलगी स्वतः आली. बाप कारखान्यातला, घरी मराठी, पण ही बोलली हिंदीत. "मेरा रजिस्टर सबने देख लिया, दीदी. मैंने ही नहीं देखा. मुझे दिखाओ."

बडेबाबूंनी एकदाच माझ्याकडे बघितलं. मग पुठ्ठे काढले, तिची ओळ बांधली आणि रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. तिने नावापासून बोट ठेवून सावकाश वाचत नेलं. दरवर्षी पास. शेऱ्याचा रकाना कोरा.

तेव्हा मला कळलं. पानाची शिवण ओलांडताना मामांचं बोट एक ओळ खाली घसरलं होतं, आणि त्याच्यामागून माझे डोळे. तो शेरा दुसऱ्याच कोणाचा होता.

"तो वो 'नाम काटा गया' किसका था?" मुलीने विचारलं. तिचा हात पुठ्ठ्याकडे गेलाच होता. बडेबाबूंनी पुठ्ठा दाबून धरला. "वो भी किसी का अपना है, बेटा."

त्यांनी तिच्या ओळीची नक्कल काढली, शिक्का मारला. मी रडत म्हणाले, मी मामांना जाऊन सांगते, माझी चूक आहे. "तुम्ही काहून सांगाल?" ते म्हणाले. "कागद तिचा. दाखवाचा की नाही, ते तिनं ठरवावं."

मुलीने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. "जिन्होंने बिना पूछे देखा, उनको अब क्या दिखाना," म्हणाली, आणि गेली. मी तिची माफी मागितली तेव्हा ती जिन्यापर्यंत पोचली होती. तिने ऐकली की नाही, कोण जाणे. त्या दिवशी उघड्या पानावर दिसलेली ती दुसरी ओळ, नावासकट, मला अजून पाठ आहे. विसरावं म्हटलं तरी विसरता येत नाही.

त्यानंतर मी पुठ्ठ्यांवर कधी कुरकुर केली नाही. निवृत्त होताना ते त्यांनी माझ्या खणात ठेवले, आणि वर बजावलं, "वाकले तर बदलजा."

पुढे एकदा समता कॉलनीतल्या दवाखान्यात ते दिसले. पार वाळले होते. कंपाउंडरने सहीसाठी रजिस्टर पुढे सरकवलं, सगळ्या पेशंटांची नावं, वय, आजार, सगळं पानभर उघडं. बडेबाबूंनी डावा पंजा वरच्या नावांवर ठेवला, खालच्यांवर रुमाल पसरला आणि मग सही केली.

मधल्या फटीत त्यांचीच ओळ होती. मी अगदी मागे उभी, डोळ्यांवर चष्मा. मी मान फिरवली आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिले.

दोन महिन्यांनी ते गेले. शाळेतले जुने लोक अजून विचारतात, काय झालं होतं हो बडेबाबूंना?

मी म्हणते, मले नाही माहीत. आणि खरंच माहीत नाही.