चाक घेऊन दवाखान्यात

डॉक्टरांनी आम्हाला दोन वर्षं फसवलं. आजही दुकानात ग्रीसचा वास आला, की उस्मानपुऱ्यातला त्यांचा दवाखाना डोळ्यांसमोर येतो. आमची चार वर्षांची मुलगी बोलत नव्हती, हाकेला वळत नव्हती, आणि दर वेळी डॉक्टर तिच्याकडे न बघताच म्हणायचे, "लाडानं होतं असं. बोलेल." ऑटिझमच्या तपासणीसाठी मोठ्या दवाखान्यात त्यांची चिठ्ठी लागायची, ती काही ते देईनात. मी जुन्या सायकली विकून वर आलेला माणूस. माल समोर ठेवल्याशिवाय सौदा होत नाही, एवढं मला कळतं. एक दिवस ती दुकानात तासन्‌तास फिरवत बसायची ते सायकलचं चाक उचललं, बायको-मुलीला घेऊन निघालो आणि थेट डॉक्टरांच्या टेबलाशेजारी ठेवलं. "अहो, दवाखाना आहे हा!" बायकोनं माझा सदरा ओढला. मुलगी फरशीवर बसून चाक फिरवू लागली. "आता मारा हाक," मी म्हणालो. डॉक्टरांनी नावानं हाक मारली, मग मोठ्यानं, मग उठून तिच्या कानाशी. ती वळली नाही. तेवढ्यात रस्त्यावर कुल्फीवाल्याची घंटी वाजली आणि तिनं झटकन मान वर केली. "ऐकू तर येतंय हिला," डॉक्टर पुटपुटले. "मग मी इतके दिवस काय सांगतोय? ऐकू येतं, पण हाकेला वळत नाही!" मी ओरडलो. त्यांनी पेन काढून चिठ्ठी लिहिली. ती खिशात घालून क्रांती चौकापर्यंत मी स्कूटर अशी पळवली, की मागून बायको "लई झालं, हळू घ्या!" म्हणत हसत सुटली. पुढे तपासणी झाली, उपचार झाले; आज मुलगी बोलते, गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी भांडतेसुद्धा. पण डॉक्टर, तिला एक हाक मारून बघायला तुम्हाला दोन वर्षं का लागली, ते मला सांगा.