ढगातली हजेरी

सकाळी सहाला गावातून गाडी हलली तेव्हा मी मुलं तिसऱ्यांदा मोजली. बारा. पहिल्यांदा मारुतीच्या पारापाशी, दुसऱ्यांदा गाडीत बसवताना आणि दार लागल्यावर पुन्हा. ड्रायव्हर रमेशभाऊ आरशातून बघत म्हणाले, "म्याडम, धानाचे पोते बी इतक्या वेळा नाई मोजत कोनी." मी हसले, पण मान वळवून चौथ्यांदा मोजलीच.

बालाघाट जिल्ह्यात कटंगीजवळच्या एका खेड्यातल्या सरकारी प्राथमिक शाळेत मी शिकवते. शाळा हिंदी, मुलांची घरं मराठी. वर्गात दोन्ही भाषा एकाच ताटात वाढलेल्या असतात. माझे बाबा वारासिवनीला राईस मिलमध्ये पोती वाहायचे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ए.ला असताना कॉलेजचं शिबिर बैहरकडच्या डोंगरावर गेलं होतं. तिथं मी पहिल्यांदा ढग जमिनीवर उतरलेला पाहिला. तेव्हा वीस वर्षांची होते आणि मनात आलं, हे मला सातव्या वर्षी कुणी दाखवलं असतं तर! ज्यांनी बाबांना समजावून मला त्या शिबिराला पाठवलं त्या कॉलेजच्या बाईंचे उपकार मी विसरले नाही. ते फेडायची ही एकच रीत मला सुचली होती.

निमित्त झालं वर्गातल्या एका चित्राचं. मेघवनाचं चित्र होतं: ढगात बुडालेला डोंगर, शेवाळानं मढलेली झाडं, फांदीवर बसलेला हिरवा बेडूक. मन्या, म्हणजे मनीष, सात वर्षांचा, वर्गात सगळ्यात हळू बोलणारा. त्यानं विचारलं, "म्याडम, ढग झाडाले अडकते का?" आमच्या गावाभोवती सगळी सपाट बांधी (भातखाचरं). पाण्याच्या टाकीपेक्षा उंच काही मुलांनी पाहिलेलं नाही. मी सांगितलं की खरं मेघवन सह्याद्रीच्या नाहीतर निलगिरीच्या माथ्यावर असतं, तिथं झाडं बहुतेक दिवस ढगात राहतात. आपल्या डोंगरावर श्रावणात थोडे दिवस ढग पाहुणा येतो. पण पाहुणा का होईना, भेटून तर येऊ.

परवानगीसाठी घरोघर हिंडले. मन्याची आई शेवंताबाई दोनदा नाही म्हणाली. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेलं ते एकुलतं पोर. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ती शेण कालवत होती. हात तसेच ठेवून म्हणाली, "नेजा म्याडम. शिकल्या-सवरल्या बाईले मी काय सांगू? पन त्याचा हात सोडू नोका." मी म्हटलं, "नाही सोडणार." सकाळी गाडीपाशी ती नुसती माझ्याकडे बघत उभी राहिली. ते बघणं माझ्याबरोबर बालाघाटपर्यंत आलं.

बालाघाटच्या अलीकडे वैनगंगेचा पूल लागला. नदी गढूळ, दोन्ही काठ खाऊन वाहत होती. मुलं एका बाजूच्या खिडक्यांवर तुटून पडली.

"समुंदर!" कुणीतरी ओरडलं.

"समुंदर नाई बे, मोठा नाला हाय," टिनानं निकाल दिला.

टिना मन्याची शेजारीण, आठ वर्षांची. तिचं तोंड पट्टा लावलेल्या गिरणीसारखं चालतं आणि नकला तर अशा करते की हेडमास्तरांनीही तोंड लपवून हसावं. आमच्या शाळांत हजेरीला मुलं 'जय हिंद' म्हणतात. मन्या सकाळी बकऱ्या सोडून येतो, रोज दहा मिनिटं उशीर. त्याचं नाव आलं की टिना त्याच्याच बारीक, चिरक्या आवाजात 'जय हिंद' म्हणते. मला ते माहीत होतं. पोर येणारच आहे, कशाला मान वर करायची, म्हणून मी खूण करून पुढे जायची. खरं सांगायचं तर मला त्या नकलेचं हसूही यायचं.

बालाघाटात टपरीवर पोहे खाल्ले. ते चुकलंच. बैहरचा घाट सुरू झाला आणि तिसऱ्या वळणावर एकानं ओकारी काढली. त्याचं पाहून आणखी दोघांनी. मी लिंबं कापून नेली होती, पण पिशवी टपावर बांधलेली. रमेशभाऊंनी गाडी थांबवली, बादलीभर पाणी मारलं आणि म्हणाले, "म्याडम, ढग पाहाले येऊन राह्यले, आन् पोहे दाखवून राह्यले!" मुलं हसली. मी पुसत होते, हसत होते आणि मोजत होते. बारा.

बैहरच्या पुढे एका पाड्यावर सुकवारो दाई आमची वाट पाहत होती. (दाई म्हणजे आई, तिकडे वयस्कर बाईला सगळे हेच म्हणतात.) शिबिराच्या वेळी तीच आमची वाटाडी होती. बैगा आदिवासी बाई, कपाळावर आणि हातांवर गोंदण, पायात काही नाही. मला ओळखलं तिनं. "तब तू डरती थी, अब भी डरती है," म्हणाली.

जंगलाच्या तोंडाशी एक बसका दगड आहे. दाईनं सगळ्यांना थांबवलं. प्रत्येकानं सरईचं (सालवृक्षाचं) एक पान तोडून त्या दगडावर ठेवायचं, पानावर खडा ठेवायचा, मग आत. बाहेर येताना एकेक पान उचलायचं. ही तिच्या आईपासूनची घरची रीत होती. बारा मुलांनी पानं ठेवली, मी ठेवलं, दाईनं ठेवलं. रमेशभाऊ गाडीपाशी थांबले. मला ते सगळं खेळासारखं वाटलं. माझा भरवसा पिशवीतल्या हजेरीच्या वहीवर होता. एक जाड दोरही आणला होता. मुलं जोडीजोडीनं तो धरून चालणार. मन्या आणि टिना सगळ्यात शेवटी. मी सगळ्यांना बजावलं, "चुकलात तर पळायचं नाही. आहे तिथंच झाड धरून बसायचं."

चढ सोपा होता. अर्ध्या वाटेवर गार वारा आला आणि पुढची झाडं एकेक करून पुसली गेली. फळ्यावरून ओलं फडकं फिरावं तशी.

"धूर होय का?"

"धुराले वास येते. याले वासच नाई."

मन्यानं हात पुढे करून मूठ मिटली, उघडून पाहिली. "ओली झाली," म्हणाला. एवढंच, पण त्याचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता.

मग एक गंमत मुलांनीच शोधली. पाऊस नव्हता, पायवाटेवर थेंब नव्हता. पण झाडाखाली गेलं की टपटप पाणी पडायचं. पानांवर ढग बसत होता आणि पाणी होऊन खाली उतरत होता. मन्याला त्याचं उत्तर मिळालं होतं: ढग झाडाला अडकतो.

वर एक जुनं सरईचं झाड होतं, कंबरेपर्यंत शेवाळाचा अंगरखा घातलेलं. तिथं मी दोर सोडायला सांगितला. मुलांनी शेवाळाला गाल लावले. दाईनं बुंध्यावरचे नेचे दाखवले, उंच फांदीवर मुळं लोंबवत बसलेलं आमर (ऑर्किड) दाखवलं. "ये पेड़ का नहीं खाता, बस बैठता है," म्हणाली. "आमच्या मामासारखा," टिना म्हणाली. कोळ्याच्या जाळ्यात पाण्याचे मणी ओवलेले होते. नखाएवढा एक बेडूक एका मुलीच्या चपलेवर बसला आणि ती हलायलाच तयार नव्हती. बुंध्यावर एक गोगलगाय वर चढत होती. मन्या तिच्यापाशी उकिडवा बसला.

तेवढ्यात ढग दाट झाला. आधी दहा पावलांपलीकडचं दिसेना, मग चार. मुलांचे आवाज येत होते, मुलं दिसत नव्हती. दाई म्हणाली, "अब उतरो." मी दोर धरायला सांगितला आणि डोकी मोजता येईनात म्हणून वही काढली. पानं ओली होऊन चिकटत होती. एकेक नाव घेतलं. पांढऱ्यातून एकेक 'जय हिंद' आला. मनीषच्या नावालाही आला, बारीक, चिरका. बारा. माझा जीव भांड्यात पडला आणि आम्ही उतरलो.

दगडापाशी ढग विरळ होता. मुलांनी पानं उचलली, हवेत उडवू लागली. दाईनं तिचं उचललं. दगडावर एक पान राहिलं.

"कोण विसरलं?" मी विचारलं.

सगळ्यांनी हात वर केले, प्रत्येक हातात पान. माझंच राहिलं असेल म्हणून मी खाली पाहिलं. माझ्या हातातही होतं.

दाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक भीतर है, बाई."

मी डोकी मोजली. अकरा. पुन्हा मोजली. टिनाच्या शेजारची दोराची जागा मोकळी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "म्याडम, मले वाटलं तो पुढं असंन," ती म्हणाली. "त्याचं नाव आलं... आन् मी रोजच्यावानी म्हनून देल्लं."

तिला मारावं असं वाटलं नाही. रोज मान खाली घालून खूण करणारी मीच होते.

रमेशभाऊ धावत आले. मी त्यांना म्हटलं, "या अकरांना गाडीत बसवा आणि दार लावून घ्या." आणि मी व दाई परत चढू लागलो. मी ओरडत होते, "मन्या! मन्या!" ढगात आवाज कापसात शिरल्यासारखा जिरत होता. चप्पल चिखलात राहिली. शेवंताबाईचे शेणाने भरलेले हात डोळ्यांपुढून जाईनात. डाव्या बाजूला उतार होता, खाली पाण्याचा आवाज. मी त्या बाजूला वळले तसं दाईनं माझं मनगट धरलं. "चुप रह. पहले सुन," म्हणाली. मी तोंडात पदर कोंबला. टपटप, टपटप. दुसरं काही नाही. दाई वाटेवरच्या एकेका झाडाला हात लावत निघाली, मी तिच्या मागे. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही.

शेवाळाच्या अंगरख्यावर निळा शर्ट दिसला. मन्या बुंध्याला दोन्ही हातांनी मिठी मारून बसला होता. ओठ निळे, केसांवर थेंब. रडत नव्हता. गोगलगाय त्याच्या डोक्याच्या वर गेली होती.

मी त्याला उचललं. "काहून थांबलास रे इथं?" मीही त्याच्याच भाषेत बोलून गेले.

"दोर दिसेना. तुमीच म्हनलं, झाड धरून बसाचं."

"अन् मी नाव घेतलं तेव्हा?"

"मी म्हनलो ना जय हिंद," तो म्हणाला. "तुमी ऐकलं नाई का? मले वाटलं, तुमाले माहीत हाय मी इथं हाओ."

त्याचं उत्तर आलं होतं. त्याच्याच आवाजात, त्याच क्षणी, टिनाच्या आवाजाखाली दबून. दगडापाशी त्यानं शेवटचं पान उचललं आणि खिशात घातलं.

दाईच्या अंगणात चुलीपाशी त्याला शेकलं. कोदोचा (कोदऱ्याचा) भात आणि वास्त्यांची (बांबूच्या कोंबांची) भाजी होती. घरून आणलेल्या सुवाऱ्या (पुऱ्या) मुलांनी दाईला दिल्या. टिना मन्याशेजारी बसली, पण जेवेना. शेवटी त्यानंच तिला विचारलं, "तुले बेडूक दिसला का? मले दोन दिसले." मग ती जेवली. निघताना मी दाईच्या पाया पडले. ती म्हणाली, "किताब भी ठीक है, पत्ता भी ठीक है. आँख उठाकर देखना."

परतीच्या वाटेवर मन्या माझ्या मांडीवर झोपला. मी त्याचा हात धरून ठेवला होता आणि मनात वाक्य जुळवत होते. काही सांगितलं नाही तर चालणार होतं. मुलांना मी गप्प बसा म्हटलं असतं तर तीही बसली असती. वैनगंगेचा पूल आला, वारासिवनी गेलं, आणि वाक्य काही जुळेना.

गावात दिवेलागण झाली होती. शेवंताबाई पारापाशी उभी होती, सकाळी होती तिथंच. मी सगळं सांगितलं, दोर सोडल्यापासून हजेरीपर्यंत. "मी हात सोडला होता," म्हटलं. तिनं मन्याच्या डोक्यावरून, गालांवरून, पाठीवरून हात फिरवला, जणू तो सगळा आला की नाही ते बघत होती. मन्यानं खिशातून चुरगळलेलं पान काढून तिला दिलं. "माय, ढग झाडाले अडकते. मी पाह्यलं."

तिनं ते पान पदराच्या टोकाला बांधलं. मग मला म्हणाली, "पुढच्या साली नेजा. पन मी बी येतो संग."

सोमवारी हजेरी घेतली. मनीषच्या नावाशी थांबले. टिनानं दोन्ही हात तोंडावर धरले होते. मी मान वर केली. त्याची जागा रिकामी होती. पूर्वी किती सकाळी ती अशीच रिकामी होती आणि मी तिच्यासमोर खूण करून पुढे गेले होते! मी पेन खाली ठेवलं. खिडकीबाहेर बांधीच्या धुऱ्यावरून (बांधावरून) बकऱ्यांची घंटी ऐकू आली, मग पळत्या पावलांचा आवाज.

"जय हिंद," दारातून बारीक आवाज आला. मी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग वहीकडे.