तळाशी साका, बाटली फेका

कौशल्या पटलेचा गोलू. वय पाच महिने. वर्ष २००७, धान चुरणीचे, मळणीचे दिवस, सोमवारची सकाळ. मी ज्याचं वाईट केलं तो हा, आणि केलं ते तेव्हा. हे मी कोणाला सांगितलेलं नाही — आमच्या संघटनेत नाही, आईला नाही, कौशल्याला तर नाहीच.

तुम्हांला का सांगते आहे? माहीत नाही. तुमच्यावर माझा फार विश्वास आहे असंही नाही. माझा कोणावरच नसतो. बाविसाव्या वर्षी संघटनेत मला हेच शिकवलं होतं — संशय घ्या, विचारा, सही करण्याआधी वाचा. त्यात चूक काय होतं? काही नाही. आमच्या गोंदियाकडच्या गोरेगाव तालुक्यात आरोग्य उपकेंद्राला आठवड्यातले निम्मे दिवस कुलूप असायचं. मुदत संपलेल्या गोळ्यांचं पाकीट मी स्वतः एका म्हातारीच्या हातून घेतलं होतं. ते खरं आहे. ते मी आजही कुठल्याही साहेबाच्या तोंडावर सांगेन.

पण एक खरी गोष्ट हाती लागली की माणसाला वाटतं, आता पुढचं सगळं आपण म्हणू ते खरं.

मी पत्रक लिहिलं. पिवळ्या कागदावर, गोंदियाच्या छापखान्यातून. 'सरकारी औषधाची तारीख तपासा.' छान. पण बायांना वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांना बाटलीवरचे ते मुंगीएवढे आकडे दिसत नव्हते. मग मी एक सोपी खूण दिली. बाटलीच्या तळाशी पांढरं बसलेलं दिसलं, की समजा औषध सडलं. कोणी सांगितली होती मला ही खूण? कोणी नाही. ताक फुटतं, दूध नासतं, तसंच औषध — असं आपलं मनानंच ठरवलं. वर यमक जुळलं. तळाशी साका, बाटली फेका! पत्रकाच्या नव्या छपाईत तीच ओळ मोठ्या अक्षरांत टाकली. एका घरी छट्टीला पंचवीसेक बाया जमल्या होत्या, त्यांच्याकडून मी ते टाळ्या वाजवून म्हणवून घेतलं. हसत होत्या सगळ्या. ओल्या बाळंतिणीनंसुद्धा म्हटलं. पत्रकं बायांनी चुलीमागच्या भिंतीला भाताच्या शितांनी चिकटवली.

इथवर मी मूर्ख होते. मूर्खपणाचा कबुलीजबाब देत नाही मी. पुढचं सांगते.

उपकेंद्राच्या सिस्टरनं मला गोरेगावच्या बस स्टँडवर गाठलं. पन्नाशीची बाई, स्कूटी, डिक्कीत लसींचा डबा. मला तिचा रागच होता — तिच्या स्कूटीचा, तिच्या गॉगलचा, सगळ्याचा. चहाच्या टपरीसमोर सगळ्यांदेखत ती म्हणाली, "काऊन वं पोरी, लोकायले का शिकवून राह्यली तू?" मी म्हटलं, खरं तेच. तिनं पर्समधून खोकल्या-निमोनियाच्या औषधाची बाटली काढली. तळाशी पांढरा थर. "हे पाय," म्हणाली, आणि हलवली. थर उठला, मिसळला, बाटली दुधासारखी झाली. "हे असंच असते. हलवून पाजाचं असते. वरती लिवलं हाये, वाच ना, तुले तं येते वाचता." मग हळू आवाजात, "मले शिव्या दे तू, मी खाईन. पन बाया पोरायले औषध पाजून नाही राहिल्या, त्याचं का करू मी?"

मी पाहिलं. वाचलंही — 'वापरण्यापूर्वी चांगले हलवा.' समजलं मला. लख्ख समजलं.

आणि मी काय म्हटलं? "सिस्टर, जादूचे प्रयोग दुसरीकडं दाखवा." टपरीवरची पोरं हसली. ती स्कूटीला किक मारून निघून गेली.

पत्रकं परत घ्यायची तर दारोदार जाऊन म्हणावं लागलं असतं, मी चुकले. तहसीलवरचा मोर्चा तोंडावर होता. लोक म्हणाले असते, ही काल आलेली पोरगी, हिला बाटली हलवता येत नाही आणि ही सरकारला हलवणार! मोर्चा होऊ द्या, मग दुरुस्ती छापू — असं मी स्वतःला सांगितलं. उरलेला गठ्ठा पिशवीत होता. तो मी वाटत राहिले. माहीत असताना.

आता तो सोमवार.

कौशल्याच्या अंगणात धानाचे पुंजणे रचलेले, सगळीकडं भुसाची धूळ. ती कामावरून उठून धावतच आली, तोंडभर हसत. "ताई, तुमचा कागद कामी आला न! सिस्टरनं सडलेलंच देल्लं होतं. खाली बसून होतं पांढरं. मी तं ओतूनच देल्लं उकिरड्यावर." सासू ओसरीवर बसली होती, मांडीवर गोलू, टोपडं घातलेला, गोधडीत गच्च गुंडाळलेला. "या नेताबाई," म्हातारी म्हणाली, "हे पाहा तुमचं कार्यकर्तं. रातभर लहकून राह्यलं. हवा लागली असंल." म्हणजे धापा टाकत होतं पोर. सिस्टरनं त्या धापांची सुरुवात पाहूनच औषध दिलं होतं, आणि परत दाखवायला आणा म्हणून बजावलं होतं.

मला ऐकू येत होता तो श्वास. लहान, घाईघाईचा, मध्येच कण्हल्यासारखा. आमच्याच दुसऱ्या एका पत्रकात छापलं होतं — बाळाचा कपडा वर करा. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, तर थांबू नका, दवाखाना गाठा. पाठ होतं मला. गोधडी एका हाताच्या अंतरावर होती.

मी कपडा वर केला नाही. केला असता तर दिसलं असतं. दिसलं असतं तर बोलावं लागलं असतं.

मी म्हटलं — "बरं केलं, फेकलं ते."

आणि रिकामी बाटली मागून घेतली. मोर्चाला पुरावा म्हणून. कौशल्यानं उकिरड्यावरून शोधून, पदरानं पुसून दिली. ती पिशवीत टाकून मी पुढच्या घरी गेले.

बुधवारी गोलूला जीपमधून गोंदियाला नेलं. फार उशीर केला, म्हणाले तिथले डॉक्टर. त्याच संध्याकाळी तो गेला.

संपलं नाही. मोर्चात मी ती बाटली हात उंच करून दाखवली. "या सडक्या औषधानं आमच्या कौशल्याचं लेकरू घेतलं!" लोक रडले. सिस्टर तहसीलच्या पायऱ्यांशी उभी होती. तिनं फक्त बाटलीकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. तिनं सांगितलं असतं तर? माझ्यासारखीनं तिच्यावर कोणाचा विश्वास उरू दिला होता? तिची बदली देवरीकडं झाली. आम्ही पेढे वाटले. पेढा मीही खाल्ला.

दुरुस्तीचं पत्रक कधीच छापलं नाही. मी पुढं गावोगावी 'बाटली हलवून पाजा' असं सांगत फिरले — जणू ते मी आधीपासूनच सांगत होते. जुन्या ओळीबद्दल अवाक्षर नाही.

कौशल्याला आता मुलगी आहे. नवं धान निघालं की ती मला तांदूळ देते. "ताई आमच्यासाठी लढली," असं शेजारणींना सांगते. सांगायचं ठरवून मी तिच्या घरी गेले आहे, एकदा नाही, पुष्कळदा. दर वेळी तांदूळ घेऊन परत आले. चुलीमागं तो पिवळा कागद अजून आहे, धुरानं काळवंडलेला. भाताची शितं सिमेंटसारखी धरतात.

कौशल्याला वाचता येत नाही. हे छापायला द्यायचं धाडस मला त्यामुळंच झालं, असा माझा स्वतःवर संशय आहे. तुम्हीही तो घ्या. मी उद्या जाऊन सांगेन म्हटलं, तर धरून चालू नका.

तुम्हांला वाचता येतं. गोरेगावकडचे असाल तर तिचं घर तुम्हांला सापडेल. जा. आधी तो कागद भिंतीवरून खरवडून काढा. मग तिला खाली बसवा, आणि हे पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचून दाखवा. "बरं केलं" हे शब्द गाळू नका.